आधी पाहणे, मग वागणे : आयरिस मर्डॉक यांचा नीतिविचार

एखाद्या दुबळ्या माणसाला कुणी निष्कारण छळत असेल, तर ‘हे वाईट आहे’ असे आपण म्हणतो. तेव्हा आपण नेमके कशाविषयी बोलत असतो? त्या कृत्याविषयी, की ते पाहून आपल्या मनात उठलेल्या नावडीविषयी? प्रश्न वरवर पंडिती वाटेल. संसारी माणसाला असल्या वादात शिरायला सवड नसते. पण कॉलेजात जाणारा मुलगा जेवताना सहज बोलून जातो, ‘चांगले-वाईट हे ज्याच्या त्याच्या मानण्यावर असते,’ तेव्हा त्याने याच प्रश्नाचे एक उत्तर दिलेले असते. त्याला काय सांगावे हे न सुचून आईवडील एकमेकांकडे पाहतात, तेव्हा हा वाद पंडितांच्या दालनातून आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचलेला असतो.

या प्रश्नाला भिडणाऱ्या एका लहानशा पुस्तकाचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे. आयरिस मर्डॉक यांचे ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. शंभरएक पानांचे, तीन निबंधांचे हे पुस्तक. नावाचा अर्थ ‘शुभाचे सार्वभौमत्व’ असा करता येईल. लेखिका श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हती. रूढ अर्थाने ज्याला परमेश्वर म्हणतात, तो आहे असे ती मानीत नव्हती. तरीही श्रद्धावंतांच्या घरी वाचले जावे असे बरेच काही या पुस्तकात आहे, आणि ज्यावर तिच्याशी वाद घालावा असेही काही आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. वरच्या मुलाच्या उद्गारामागे युरोपातली एक मोठी परंपरा उभी आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० साली एक बोचरी गोष्ट दाखवून दिली. नीतीवर लिहिणारे लेखक ‘अमुक असे आहे, तमुक तसे आहे’ अशा विधानांनी सुरुवात करतात आणि मग वाचकाच्या नकळत ‘म्हणून असे करावे’ यावर येऊन ठेपतात; पण ‘आहे’मधून ‘असावे’ कसे निघाले, याचा खुलासा कुणीच करीत नाही. १९३६ साली ए. जे. एअर या इंग्रज तत्त्वज्ञाने याही पुढची मजल गाठली. नैतिक विधाने खरीही नसतात आणि खोटीही नसतात, ती केवळ भावनेचे उद्गार असतात, असे त्याचे म्हणणे. आर. एम. हेअर यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात नैतिक भाषेला आदेशाचे रूप दिले : मी जे सर्वांना लागू करावयास तयार आहे, ती माझी नीती. पलीकडे फ्रान्समध्ये झां-पॉल सार्त्र सांगत होता की मूल्ये वास्तवात कोठेच लिहून ठेवलेली नाहीत. माणूस निवड करतो आणि त्या निवडीतूनच मूल्य जन्माला येते. या मंडळींत परस्परांत मतभेद पुष्कळ होते. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत होते : वास्तव एकीकडे, मूल्य दुसरीकडे. जग म्हणजे रंगहीन वस्तुस्थितींचा ढीग; त्याला रंग देणार तो आपण.

या मताला पहिला जबर धक्का दिला तो कोणत्याही ग्रंथाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाझी छळछावण्यांतील दृश्ये जगासमोर आली. ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी पुढे अनेकदा सांगितले की, त्या बातम्या कळल्यावर, नीती म्हणजे शेवटी केवळ आपला मनोभाव, हे म्हणणे बरोबर असू शकत नाही याची त्यांना खात्री पटली. कारण तसे असेल तर छळणारा आणि त्याचा निषेध करणारा यांत केवळ आवडीनिवडीचा फरक उरतो. बळी पडलेल्याच्या बाजूने बोलताना ‘मला हे रुचत नाही’ यापलीकडे आपल्याजवळ शब्दच राहत नाही. युद्धकाळात ऑक्सफर्डला शिकलेल्या चार मैत्रिणींनी, फिलिपा फूट, एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम, मेरी मिजली आणि आयरिस मर्डॉक यांनी, आपापल्या वाटेने हे रूढ मत उलथून टाकण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी अ‍ॅन्स्कम या कॅथलिक झालेल्या विदुषी. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्याचा आदेश देणाऱ्या ट्रुमन यांना ऑक्सफर्डने १९५६ साली सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला होता. निरपराधांची हत्या ही हत्याच असते, ती करणाऱ्याच्या हेतूने तिचे स्वरूप बदलत नाही, ही त्यांची भूमिका होती.

मर्डॉकबाईंचा जन्म १९१९ साली डब्लिनचा. युद्ध संपता संपता त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेत काम केले. बेल्जियम आणि ऑस्ट्रियातील निर्वासित त्यांनी जवळून पाहिले. १९४८ ते १९६३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकविले. जगाला मात्र त्या मुख्यतः कादंबरीकार म्हणून ठाऊक आहेत; त्यांनी सव्वीस कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतील एकीला १९७८ चे बुकर पारितोषिक मिळाले. १९९९ साली त्यांचे निधन झाले. त्या कादंबरीकार होत्या हे येथे महत्त्वाचे, कारण त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ती गोष्ट सासू-सुनेची आहे!

एक सासू. मुलाने आपल्या तोलामोलाची मुलगी केली नाही असे तिला वाटते. सून मनाने वाईट नाही, पण तिच्यात पोच नाही, अदब नाही, वागणे पोरकट, बोलणे फटकळ, असे सासूचे मत. सासू मात्र कुलीन आणि सभ्य. तिच्या वागण्यातून हे मत कधीही बाहेर येत नाही; सुनेशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नीटच वागते. मर्डॉकबाई पुढे अशी कल्पना करावयास सांगतात की सून आता परदेशी गेली आहे, किंवा वारलीही आहे. म्हणजे वागण्यात बदल होण्याचा प्रश्नच उरत नाही. काळ जातो. सासू स्वतःशी विचार करू लागते : मी जुन्या वळणाची आहे, कदाचित माझे मन संकुचित असेल, माझ्या मनात मत्सर तर नक्कीच आहे, मी पुन्हा एकदा नीट पाहते. ती पाहत राहते, आणि हळूहळू तिला दिसते की जो गावंढळपणा वाटत होता तो साधेपणा आहे, जो पोरकटपणा वाटत होता ते तारुण्याचे चैतन्य आहे.

आता प्रश्न असा : या काळात काही घडले का? बाहेरून पाहणारा म्हणेल, काहीच नाही. कृती बदलली नाही, निर्णय झाला नाही, आदेश दिला गेला नाही. हेअर आणि सार्त्र यांच्या चौकटीत या सासूच्या धडपडीला जागाच नाही. पण आपल्याला आतून ठाऊक असते की येथे फार मोठी गोष्ट घडली आहे. एका माणसाने नैतिक श्रम केले आहेत. हे श्रम निवडीचे नसून पाहण्याचे आहेत. मर्डॉकबाईंचा सिद्धान्त तो हाच. नीतीचे खरे क्षेत्र निर्णयाचा क्षण हे नव्हे. त्या क्षणाच्या आधी दिवसेंदिवस आपण कसे पाहत आलो, हे ते क्षेत्र आहे. निर्णयाची वेळ येते तेव्हा बहुतेक काम आधीच होऊन गेलेले असते.

या पाहण्याला त्यांनी ‘अवधान’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. तो त्यांनी सिमोन वेल (१९०९–१९४३) हिच्याकडून घेतला. ही फ्रेंच विदुषी ज्यू घराण्यात जन्मलेली, ख्रिस्ताकडे तीव्रतेने ओढली गेलेली आणि तरीही ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर थांबलेली. अवधान म्हणजे न्यायाने आणि प्रेमाने समोरच्या वास्तवावर खिळविलेली दृष्टी. तिच्या आड येतो तो आपला अहंकार. मर्डॉकबाईंच्या मते मन सतत स्वतःभोवती कल्पनांचे जाळे विणत असते. स्वतःची समजूत घालणारी, स्वतःला मोठे करणारी चित्रे रंगवीत असते. त्या जाळ्यातून आपण सुटतो कसे? त्यांचा एक साधा दाखला असा : मी खिडकीशी उभी आहे, कुणीतरी माझा मान राखला नाही म्हणून मनात धुमसते आहे. तेवढ्यात हवेत एका जागी तरंगणारा लहानसा ससाणा दिसतो. क्षणभर सगळे बदलते; दुखावलेला ‘मी’ नाहीसा होतो, उरतो फक्त ससाणा. दुसरा दाखला परकी भाषा शिकण्याचा. भाषा आपल्या लहरीनुसार वाकत नाही. तिचे व्याकरण आपल्या आधीपासून तेथे आहे आणि त्यापुढे नम्र व्हावे लागते. येत नसताना येते असे सोंग करून चालत नाही. वास्तवापुढची ही नम्रता हाच सद्गुणांचा पाया.

ह्यूमच्या कोड्याला येथे एक उत्तर मिळते. ‘आहे’ आणि ‘असावे’ यांत जी दरी दिसते, ती ‘आहे’कडे आपण अर्धवट पाहिले म्हणून दिसते. सुनेला ‘गावंढळ’ म्हणणे हे केवळ वर्णन नव्हे आणि केवळ शेराही नव्हे. त्या एका शब्दात दोन्ही गुंतलेली आहेत. ‘लबाड’, ‘मायाळू’, ‘कद्रू’, ‘उदार’ हे आपले रोजचे शब्द घेतले तर त्यांतील वर्णन कोठे संपते आणि मूल्य कोठे सुरू होते, हे कात्रीने कापून दाखविता येणार नाही. मराठी वाचकाला हे समजावयास फारसे अवघड जाऊ नये. आपल्या भाषेत ‘सत्’ या एकाच शब्दातून ‘सत्य’ही येते आणि ‘सज्जन’ही, जे आहे ते सत्, आणि जे चांगले आहे तेही सत्. भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात या शब्दाचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सांगितले आहेत. तिकडे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने आपल्या ‘सुम्मा’च्या पहिल्या भागात असेच प्रतिपादन केले आहे. अस्तित्व आणि शुभ ही वस्तुतः एकच आहेत, भेद आहे तो केवळ आपल्या विचारात. या जुन्या शहाणपणाची वाट मर्डॉकबाईंनी विसाव्या शतकातील इंग्रजी तत्त्वज्ञानाला पुन्हा दाखविली, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप त्या गोष्टीविषयीच आहे. युक्तिवाद नेटका व्हावा म्हणून मर्डॉकबाईंनी सुनेला परदेशी पाठविले किंवा मारून टाकले. त्यामुळे ती गप्प झाली. सासू तिच्याविषयी विचार करते. तिच्याशी बोलत नाही. आपल्या घरांतील सुना परदेशी गेलेल्या नसतात, त्या शेजारच्या खोलीत असतात. त्यांच्याविषयीचे सत्य दुरून निरखून जेवढे कळेल, त्याहून अधिक त्यांना विचारून आणि ऐकून कळेल. एखादी सून म्हणेल, ‘आई, मी साधी वगैरे नाही, या घरात मला घुसमटल्यासारखे होते म्हणून मी मोठ्याने बोलते.’ हे वास्तव कितीही प्रेमळ दृष्टीला आपोआप दिसणारे नव्हे. दुसरा माणूस ससाण्यासारखा नसतो. तो आपल्याविषयी साक्ष देऊ शकतो. पाहण्याच्या जोडीला ऐकणे आले नाही, तर प्रेमळ दृष्टीसुद्धा स्वतःच्या कल्पनांचे नवे जाळे ठरू शकते.

दुसरा मुद्दा आक्षेप नसून इशारा आहे. या पुस्तकाचा सोयीस्कर अर्थ ‘सर्वांत चांगलेच पाहावे’ असा लावला जाईल, आणि मग नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीलाही कुणी सांगेल की तू त्याच्याकडे प्रेमाने पाहा, तो मनाने चांगला आहे. असा उपदेश आपल्या धर्मग्रामांत कधी दिलाच गेला नाही असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. मर्डॉकबाईंच्या शब्दयोजनेत प्रेमाबरोबर न्याय आहे, तो विसरता कामा नये. न्यायाने पाहिल्यावर समोरचा माणूस क्रूर आहे असेच दिसत असेल, तर तसे पाहणे हेच अवधान. त्या सासूने मत बदलले म्हणून ती चांगली ठरत नाही. तिने आपल्या मत्सराला बाजूला सारून पाहिले म्हणून ती चांगली ठरते. मार खाणाऱ्या स्त्रीने डोळ्यांवरची समजुतीची पट्टी काढली आणि दार उघडून बाहेर पडली, तर तीही त्याच अर्थाने सत्याच्या बाजूला आलेली असते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. नीट पाहिले की माणूस नीट वागतो, हे नेहमी खरे आहे काय? संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल करतो की चांगले काय ते त्याला कळते, हवेसेही वाटते, आणि हातून मात्र नको तेच घडते. दारूच्या आहारी गेलेला बाप आपल्या मुलांचे चेहरे स्पष्ट पाहत असतो. कदाचित म्हणूनच तो अधिक पितो. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात याजकानेही जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. तिघांच्याही बाबतीत सुवार्ताकाराने ‘पाहिले’ हेच म्हटले आहे. मर्डॉकबाई म्हणतील की पहिल्या दोघांनी खऱ्या अर्थाने पाहिलेच नाही. तेही खरे असू शकेल. पण प्रत्येक वेळी असेच म्हणत गेलो तर ‘खरे पाहणे’ आणि ‘चांगले वागणे’ या दोन शब्दांचा अर्थ एकच होऊन बसेल आणि सिद्धान्तातील जीवच जाईल. दृष्टीइतकीच इच्छाशक्तीही दुबळी असते. तिला उभे राहण्यासाठी बाहेरून हात लागतो. आपण त्याला कृपा म्हणतो. मर्डॉकबाईंनीही या प्रश्नाला बगल दिलेली नाही. चांगुलपणाकडे लक्ष लावल्याने माणसाला बळ मिळते, आणि प्रार्थना म्हणजे मागणे नव्हे, लक्ष लावणे, असे त्या लिहितात. पण ते बळ येते कोठून?

येथे चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. मानवी जीवनाला बाहेरून लाभलेला कोणताही हेतू नाही, असे मर्डॉकबाई स्पष्टपणे मानतात. मग प्रेमाने पाहणारी दृष्टी हीच खरी दृष्टी, असे का म्हणावे? जग मुळात निर्हेतुक असेल तर थंड, कोरड्या नजरेला दिसणारे जगच अधिक खरे, असे कुणी म्हणू शकेल. सासूला शेवटी जे दिसले ते सत्य आणि आधी जे दिसत होते ते भ्रम, हे ठरविणार कसे? प्रेम आणि सत्य एकमेकांना भेटतात असा मर्डॉकबाईंचा विश्वास आहे. पण त्यांच्या वास्तवाच्या चित्रात या विश्वासाला आधार सापडत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर आपली निर्मिती पाहतो आणि ती चांगली आहे असे त्याला दिसते. जग प्रेमातून निर्माण झाले असेल, तर ज्या दृष्टीने ते निर्माण झाले त्याच दृष्टीला ते खरेपणाने दिसावे, हे सुसंगत ठरते. हा परमेश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा आहे असा माझा दावा नाही. मर्डॉकबाईंनी जे घर बांधले, त्याला त्यांनी स्वतः नाकारलेल्या पायाची गरज भासते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

परंतु हा पाया आपल्याजवळ आहे म्हणून आपण निश्चिंत व्हावे काय? इतिहास तसे होऊ देत नाही. १५५०–५१ साली स्पेनमधील वायादोलिद येथे एक प्रसिद्ध वाद झाला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर युद्ध लादून त्यांना अंकित करणे न्याय्य आहे काय, हा विषय. एका बाजूला सेपुल्वेदा, दुसऱ्या बाजूला डॉमिनिकन संघाचे बार्तोलोमे दे लास कासास. दोघेही एकाच परमेश्वराला मानणारे, दोघेही तोच धर्मसिद्धान्त शिकलेले. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ सालीच त्या लोकांना गुलाम करू नये असे जाहीर केले होते. तरीही सेपुल्वेदाने अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन त्यांना निसर्गतःच दास ठरविले. लास कासास यांनी त्या माणसांमध्ये अनेक वर्षे काढली होती. एके काळी त्यांच्या वेठीवर ते स्वतः जगत होते आणि १५१४ साली त्यांनी ते सोडून दिले. तत्त्व दोघांचे एक होते, पण पाहिले होते ते एकानेच. आणि त्या पाहणाऱ्याचेही पाहणे पुरे नव्हते : त्या लोकांच्या ऐवजी आफ्रिकन गुलाम आणावेत अशी सूचना त्यांनीच एकेकाळी केली होती, जिचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. सर्व माणसे परमेश्वराची लेकरे आहेत हे आपणही दर रविवारी म्हणतो आणि सोमवारी मुलीचे लग्न जमविताना जात विचारतो. वास्तवाविषयीचा योग्य सिद्धान्त असणे आणि वास्तव दिसणे यांत अंतर असते, आणि ते अंतर कापण्याचे श्रम सिद्धान्त आपल्या वतीने करीत नाही. मर्डॉकबाईंचे पुस्तक श्रद्धावंतांनी वाचावे ते यासाठी.

मग जेवताना त्या मुलाला काय सांगावे? ‘धर्मात असे सांगितले आहे’ एवढे सांगून भागणार नाही. तो उठून जाईल. त्याला विचारावे की, तुझ्या वर्गातील ज्या मुलाची सगळे टवाळी करतात, त्याच्याविषयी तुम्ही जे बोलता ते खरे आहे का? तू त्याच्याशी कधी बोलला आहेस का? या प्रश्नाला ‘ते ज्याच्या त्याच्या मानण्यावर आहे’ हे उत्तर चालत नाही, आणि ते त्याचे त्यालाच जाणवेल. त्या मुलाच्या बाबतीत खरे काय आणि खोटे काय, हे शोधावेच लागते. त्यासाठी आपली सोय, आपली भीती, मित्रांचे हसणे बाजूला ठेवावे लागते. नीतीची सुरुवात तेथे होते. आणि हाच प्रश्न मुलाने उलटून आईला आजीविषयी विचारला, किंवा बापाला भावकीतल्या त्या बोलणे टाकलेल्या घराविषयी विचारला, तर त्यालाही उत्तर द्यावे लागेल.